राग बघून या

पूर्णिमाला स्थळ आलं होतं आणि त्यात नाकारण्यासारखं काहीच नव्हतं, ही खरी अडचण होती.

मुलगा कोडोलीचा. नाव अभिनंदन. ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान, बारमाही पाण्याची शेती, स्लॅबचं घर, रोज देवदर्शन. पूर्णिमाच्या मामांनी कोल्हापुरात खुर्चीवरून न उठता फोनवर सगळी चौकशी पुरी केली होती. उसाला पाणी कुठलं, विहीर स्वतःची की भावकीत, मोटार किती हॉर्सपॉवरची, हे सगळं त्यांनी विचारलं. मुलगा कसा आहे, हे सगळ्यात शेवटी विचारलं. त्यावर पलीकडून ‘चांगला आहे’ एवढंच उत्तर आलं. मोटारीबद्दल यापेक्षा पुष्कळ जास्त माहिती मिळाली होती.

“मला एवढंच कळायला हवं,” पूर्णिमा म्हणाली, “की राग आल्यावर तो काय करतो.”

“असं कसं विचारायचं?” वडील म्हणाले. पार्श्वनाथरावांचं लक्ष्मीपुरीत कापडदुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला न विचारण्याच्या गोष्टी त्यांना पाठ होत्या.

“चांगल्या घरातली माणसं चिडत नाहीत,” आई म्हणाली. राजमतीबाईंनी हे वाक्य बऱ्यापैकी चिडून म्हटलं आणि त्या आत गेल्या.

पूर्णिमाच्या प्रश्नाला कारण होतं. तिची शाळेपासूनची मैत्रीण ऐश्वर्या अशाच एका निर्दोष घरात दिली होती. विहीर स्वतःची, मोटार मोठी. नवऱ्याचा राग कसा असतो ते लग्नानंतर, आमटीत मीठ कमी पडलं त्या दिवशी कळलं. ऐश्वर्या आता माहेरीच असते, आणि कुणी आवाज चढवला की उठून आतल्या खोलीत जाते. सगळ्या मोठ्या माणसांना याचं मनापासून वाईट वाटलं. चौकशीची पद्धत बदलावी, असं मात्र कुणाला वाटलं नाही.

रविवारी मुलगा बघायला येणार होता. आपल्याकडे एकदा पोहे खाऊन झाले की नकार द्यायला कारण लागतं, आणि होकार द्यायला काहीच लागत नाही. म्हणून पूर्णिमानं गुरुवारी संध्याकाळी धाकट्या भावाला, सम्मेदला, गच्चीवर बोलावलं. सम्मेद अकरावीत होता. त्याच्याबरोबर शेजारची राजनंदिनी आलीच. दोघं एकाच वर्गात होती, आणि हेरगिरीतला आजवरचा अनुभव सगळा तिच्याच गाठीशी होता. गल्लीतल्या गणपतीचा देखावा दरवर्षी शेजारच्या मंडळाला आधीच कसा कळतो, हे तिनं मागं शोधून काढलं होतं. फोडणारा सम्मेदच होता. तेव्हापासून दोघांची मैत्री होती.

“कोडोलीला जा. त्याला राग येईल असं काहीतरी करा. तो काय करतो ते बघा आणि या,” पूर्णिमा म्हणाली. “आणि आपण कोण ते कुणाला कळता कामा नये. बघतंय असं कळलं की माणूस शहाण्यासारखा वागतो.”

“पण राग आणायचा कसा?” सम्मेदनं विचारलं.

“तुला जमेल. मला रोज आणतोस.”

राजनंदिनीनं रात्रीतून आराखडा केला. कॉलेजचा प्रोजेक्ट: ‘वारणा खोऱ्यातील दुभती जनावरे’. हातात क्लिपचं पॅड असलं की अकरावीच्या मुलांना गोठ्यापर्यंत कुणी अडवत नाही. सम्मेदचं नाव यशराज पाटील.

“पाटील कशाला?” सम्मेद म्हणाला.

“पाटलाचा संशय येत नाही कुणाला. निम्मा जिल्हा पाटील हाय. आणि तिथं मी बोलतो, तू फक्त मान हलवायची.”

शुक्रवारी कॉलेज बुडवून दोघं वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपमध्ये बसली. समोर फेटेवाले पिराजी म्हणून एक म्हातारे होते. जीप गावाबाहेर पडायच्या आत त्यांनी विचारलं, “कुणाकडं निघालाय, पावणं?”

“कुणाकडं नाही. प्रोजेक्ट आहे,” राजनंदिनी म्हणाली.

“असंल की. पन कुणाकडं? ह्या पोराचं नाव काय?”

“यशराज पाटील,” सम्मेद म्हणाला.

“कुठल्यातलं पाटील? मराठ्यातलं, जैनातलं, का लिंगायतातलं?”

आराखड्यात इथे भोक होतं. “मराठ्यातलं,” राजनंदिनी घाईनं म्हणाली.

“गाव?”

“आजरा.” हे सम्मेद म्हणाला.

“आजऱ्यात कुठं? माझी भाची दिलीया आजऱ्यात.”

कोडोली येईपर्यंत यशराज पाटलाला आजऱ्यात एक गल्ली, काजूचा कारखाना असलेला चुलता आणि नदीकाठी भाताची जमीन प्राप्त झाली होती. उतरल्यावर राजनंदिनी म्हणाली, “मान हलवायची ठरलेलं.”

“ते विचारत होते गं.”

“लोक विचारणारच. त्यालाच तर लोक म्हणत्यात.”

स्टँडसमोर शालूबाईंचा वड्याचा गाडा होता आणि गाड्याच्या बरोबर समोर ‘अभिनंदन ॲग्रो’ अशी पाटी. टेहळणीला यापेक्षा चांगली जागा मिळणं शक्य नव्हतं. दोघं बाकावर बसली. पिराजीही शेजारी बसले. त्यांना कुठेच जायची घाई नसावी. शालूबाईंनी न विचारता तिघांपुढं वडे ठेवले.

आता, एरवी कॉलेजच्या कँटीनमध्ये सम्मेदचा जैन धर्म फार ताणून धरलेला नसे. पण आज चतुर्दशी होती, आणि चौदशीला जमिनीखालचं काही खाणार नाही, असं त्यानं आईला वचन दिलं होतं. भूकही लागली होती. त्यानं मधला मार्ग काढला. वड्याचं वरचं बेसनाचं आवरण निगुतीनं सोलून खाल्लं आणि आतला बटाटा, आंब्याची कोय ठेवावी तसा बशीच्या कडेला ठेवून दिला.

शालूबाईंनी बशीकडं पाहिलं. मग पिराजींकडं पाहिलं.

“आजऱ्याकडचं मराठं बटाटं खाईना झालं व्हय?” पिराजी म्हणाले.

“पोट बिघडलंय,” सम्मेद म्हणाला.

“व्हय की. तळल्यालं तेवढं चालतंय,” शालूबाई म्हणाल्या आणि विषय सोडून दिला.

कोडोलीत जैनांची घरं भरपूर, त्यामुळे चौदस आली की शालूबाईंचे वडे उरत. त्यांना ही तिथी भटजींइतकीच ठाऊक होती. शिवाय रविवारी अभिनंदनचे लोक कोल्हापूरला मुलगी बघायला जाणार हेही सबंध गावाला माहीत होतं. कोल्हापूरचा एक जैन मुलगा खोटं नाव सांगून अभिनंदनच्या दुकानासमोर बसला आहे, यातून निष्कर्ष काढायला फार बुद्धी लागत नव्हती. पण शालूबाईंनी पावण्याला तोंडावर खोटं पाडलं नाही. त्यांनी त्याच्यापुढं राजगिऱ्याचा लाडू ठेवला आणि आपल्या सुनेचा विषय काढला.

“लई तापट हाय बया. परवा रागानं बशी फोडली माझी.”

“बशी म्हणजे काहीच नाही,” सम्मेद म्हणाला. घरच्या माणसाची बाजू पडू देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. “आमच्या ताईनं या महिन्यात चार कप फोडलेत.”

राजनंदिनीनं बाकाखालून लाथ मारली. ती पिराजींना लागली.

“आगं बाई. माणसावर टाकती का काय?”

“छे. भिंतीवर. माणूस बाजूला झालाय का ते आधी बघते. आणि नंतर काचा पण स्वतःच गोळा करते.”

“गुणाची हाय,” शालूबाई म्हणाल्या, आणि फोन घेऊन गाड्यामागं गेल्या.

लाडू संपवून दोघं आधी अभिनंदनच्या घराच्या गल्लीत शिरली. घर दुकानाच्या मागेच होतं. शेजारच्या कट्ट्यावर विठाबाई नावाच्या आजी पावटे सोलत बसल्या होत्या. राजनंदिनीनं पॅड सरसावलं.

“आजी, इथल्या म्हशींबद्दल माहिती हवी होती.”

“म्हशी चांगल्या हायत. अभिनंदन बी चांगला हाय.”

“नाही, दूध किती देतात?”

“सात-आठ लिटर. सुपारीचं खांड खाईत न्हाई पोरगं.”

पुढच्या घरात हाच प्रकार. बैलगाडीला वंगण घालणाऱ्या एका गृहस्थांनी तर कुणी काही विचारायच्या आधीच, अभिनंदन दहावीला गणितात पहिला आला होता, हे जाहीर केलं. सम्मेद खूश झाला. राजनंदिनी थांबली.

“सम्या, आपण म्हशींचं विचारतोय.”

“हो.”

“मग ही माणसं त्याचं का सांगाय लागल्यात?”

सम्मेदनं यावर विचार केला. “लोकप्रिय असेल.”

“अरे, कळलंय सगळ्यांना. कुणाचं ठरत असलं की वाईट बोलायचं न्हाई, हा गावचा नियम हाय. आमच्या मामाच्या लग्नात असंच झालतं. मामा म्हणे व्यायामाला जातो.”

याच वेळी सम्मेदचं लक्ष अभिनंदनच्या गोठ्याकडं गेलं. तिथं दोन म्हशी होत्या. त्यातली एक साध्या म्हशीसारखी होती. दुसरी मात्र नुकतं पॉलिश केलेल्या बुटासारखी चमकत होती. तिच्या पाठीवर गोठ्याचा पत्रा उमटला होता.

“ही एवढी चकचकीत कशी?”

“सकाळी आण्णा लई बोललं असंल पोराला,” विठाबाई म्हणाल्या आणि पावट्यांकडं वळल्या. या उत्तराचा प्रश्नाशी काय संबंध, हे दोघांनाही कळलं नाही. म्हातारीला कमी ऐकू येत असावं, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

तरी दुकानात जाणं भाग होतं. अभिनंदन काउंटरमागं होता. उंच, चष्मा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. राजनंदिनीनं ठिबकचे जोड दाखवायला सांगितलं. त्यानं दाखवले. आणखी दाखवायला सांगितलं. काउंटर भरला.

“दुसऱ्या रंगात न्हाईत?”

“काळेच येतात.”

“गुलाबी?”

“मागवून बघतो,” तो शांतपणे म्हणाला. “चहा घेणार?”

सम्मेदनं नळीचं भेंडोळं पाडलं. अभिनंदननं उचलून ठेवलं. सम्मेदनं दुसरं पाडलं. त्यानं तेही उचललं आणि “लागलं नाही ना?” असं विचारलं. राजनंदिनीनं हताश होऊन पॅड मिटलं. ज्याला माहीत आहे की आपल्याला चिडवायला आलेत, त्याला चिडवणं म्हणजे झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवणं. रविवारच्या आधी ताईला सांगायला हातात काहीच नव्हतं, आणि तो खरा कसा आहे हे आता इथं कधीच कळणार नव्हतं.

तेवढ्यात आतल्या दारातून आण्णा आले. आण्णा म्हणजे अभिनंदनचे वडील. पांढरी टोपी, मोठा आवाज, आणि मुलाचं लग्न जमवायचा निर्धार.

“प्रोजेक्टची पोरं न्हवं ही? लिवा, लिवा. आमच्या अभिला आजवर राग न्हाई आला. जन्मल्यावर रडलासुदिक न्हाई. डॉक्टरनं उलटा धरून मारला, तवा हसला.”

“आण्णा,” अभिनंदन म्हणाला.

“सैपाक सगळा येतो त्येला. पुरणपोळी लिवा.”

“आण्णा, पुरे.”

“पुरे काय? पिराजीला मीच सांगितलंय, सगळ्यांस्नी सांग म्हणून, गणितात पयला आलावता म्हणून सांगा...”

अभिनंदनचे कान लाल झाले. त्यानं चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि तो मागच्या दारानं निघून गेला. आण्णा पुरणपोळीवरून श्रीखंडावर गेले होते. राजनंदिनीनं सम्मेदची बाही ओढली, आणि दुकानाला वळसा घालून दोघं गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड जाऊन बसली. अख्ख्या मोहिमेत हेरगिरी म्हणता येईल असं एवढंच घडलं.

अभिनंदन हौदापाशी उभा होता. त्याच्या हातात नारळाचा काथ्या होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. तो त्या चकचकीत म्हशीला घासत होता. आधीच चमकणाऱ्या जागी पुन्हा घासत होता. दात घट्ट आवळलेले, तोंडातून अक्षर नाही. म्हैस डोळे मिटून उभी होती.

भिंतीपलीकडून विठाबाईंचा आवाज आला. “अभ्या, सकाळी तर धुतलीस की रं. कातडं ठेव तिचं.”

तो घासतच राहिला. पाठ झाली, पोट झालं, शिंगांकडं वळला. शिंगं संपेपर्यंत त्याचे कान मूळ रंगावर आले. मग मागे न बघता तो म्हणाला, “त्या गंजीत मुंग्या आहेत. बाहेर या.”

दोघं बाहेर आली. मुंग्या खरंच होत्या.

“राग आलाय?” सम्मेदनं पाय झाडत विचारलं.

“आलावता.”

“आमचा?”

“तुमचा कशाला? तुम्ही तुमचं काम करताय. आण्णांचा आला. मला पुरणपोळी येत नाही. भात येतो, तोही कुकरमध्ये. आणि गणितात मी पहिला नव्हतो, पस्तीस होते.”

“राग आला की नेहमी हेच करता?” राजनंदिनीनं विचारलं. तिचा आवाज संशयी होता. “का आज आम्ही आलो म्हणून?”

“आता हे मी कसं सिद्ध करू?” अभिनंदन म्हणाला आणि काथ्या पिळला.

प्रश्न रास्त होता. ज्या गावानं सकाळपासून पाठ केलेलं बोलून दाखवलं, त्या गावात विठाबाईंची साक्ष तरी कशी धरायची? दोघं उभी राहिली. अभिनंदन हात पुसत होता. म्हैस पुन्हा आपल्या जागी जाऊन रवंथ करत बसली होती.

तेवढ्यात आतून आण्णांचा आवाज चढला. “अभ्या! पोरं गेली कुठं? आणि तू गिऱ्हाईक टाकून...”

आवाज ऐकताच म्हैस उठली. कुणी हाक मारली नव्हती, कुणी दावं ओढलं नव्हतं. ती आपणहून चार पावलं चालत हौदापाशी आली, अभिनंदनसमोर आडवी उभी राहिली आणि डोळे मिटून घेतले.

राजनंदिनीनं बराच वेळ म्हशीकडं पाहिलं.

“हिला कुणी शिकवलं नसणार,” ती शेवटी म्हणाली.

“म्हशीला शिकवता येत नाही,” अभिनंदन म्हणाला. “सवय लागते.”

परतीच्या जीपची वाट बघताना राजनंदिनीनं शालूबाईंचा फोन नंबर पॅडवर उतरवून घेतला. जीपमध्ये बसल्यावर सम्मेदला गाड्यावर सांगितलेलं कपांचं एकदम आठवलं.

त्या संध्याकाळी गच्चीवर राजनंदिनीनं अहवाल दिला. पूर्णिमानं मधे एकदाही अडवलं नाही. म्हैस आपणहून उठली त्या जागेवर मात्र ती म्हणाली, “परत सांग.” राजनंदिनीनं परत सांगितलं.

“आणि तुम्ही तिथं काय सांगून आलात?”

“काही नाही,” सम्मेद म्हणाला. राजनंदिनी टाकीकडं बघत राहिली.

“बरं,” पूर्णिमा म्हणाली. “एकदा बघते. म्हैस खोटं बोलत नसली तरी तुम्ही दोघं बोलता.”

रविवारी पाहुणे आले. कांदेपोहे झाले, बिनकांद्याचे. मामा आणि आण्णा यांच्यात मोटारीच्या हॉर्सपॉवरवरून गाढ मैत्री झाली. पूर्णिमा समोर बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग अभिनंदननं पिशवीतून एक खोकं काढून टीपॉयवर ठेवलं.

“हे कशाला आणलंत?” राजमतीबाई संकोचून म्हणाल्या आणि त्यांनी खोकं उघडलं. आत स्टीलचे कप होते. सहा.

खोलीत कुणालाच अर्थ लागला नाही. लागला तो दोघा भावंडांना. सम्मेद पंखा बघू लागला. पूर्णिमानं आधी कपांकडं पाहिलं, मग सम्मेदकडं, आणि आई खुर्चीतून अर्धी उठली, कारण हे बघणं तिच्या ओळखीचं होतं. शोकेसमधल्या चिनी मातीच्या सेटपासून पूर्णिमा हातभर अंतरावर होती.

तिनं हात लांब केला आणि स्टीलचा एक कप उचलला. उलटा करून बघितला.

“फुटणार नाही?”

“दुकानात आपटून घेतलाय,” अभिनंदन म्हणाला. “कडेला थोडा चेपतो.”

“तुम्हाला चालेल?”

“भिंत आमची दगडी आहे,” तो म्हणाला. “तिला चालेल.”

मोठी माणसं एकमेकांकडं बघू लागली. मामांच्या मते बोलणं घराच्या बांधकामावर आलं होतं, आणि ते शुभ होतं.

“अजून एक विचारू?” पूर्णिमा म्हणाली. “घरात म्हशी किती?”

“दोन.”

“एक पुरत नाही?”

अभिनंदननं चष्मा सारखा केला. “एक माझी. दुसरी आण्णांची. पण ते धूत नाहीत, नुसतं बोलतात.”

“माझी मुऱ्हा जातीची हाय,” आण्णा अभिमानानं म्हणाले. “पंढरपुरी न्हवं.”

पूर्णिमा हसली. मोठ्यानं, बघण्याच्या कार्यक्रमात मुलीनं हसू नये तेवढ्या मोठ्यानं. राजमतीबाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं, पण ती तोवर उठली होती. “चहा आणते,” ती म्हणाली. तिनं टीपॉयवरचे पोर्सेलिनचे कप ट्रेमध्ये परत ठेवले, स्टीलचे सहाही उचलले आणि आत नेले.

सम्मेद तिच्यामागं स्वयंपाकघरात गेला. गुन्हेगारानं आपणहून हजर झालं की शिक्षा कमी होते, असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं.

“ताई, मी मुद्दाम नाही सांगितलं. त्या शालूबाई...”

“आत्ता बोलू नकोस,” पूर्णिमा कप धूत म्हणाली. “हो म्हणायचं ठरवतेय. राग आला तर ते राहून जाईल.”

तो बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला हे जमलं.

चहा ओतून झाल्यावर ती म्हणाली, “बाबांना आत बोलव. हो सांगते.”

पार्श्वनाथराव आत आले, ऐकलं, डोळे पुसले आणि बाहेर जाऊन ही बातमी योग्य त्या गांभीर्यानं कशी सांगावी याचा विचार करत उंबऱ्यात थांबले. तेवढ्यात बाहेर आण्णांचा फोन वाजला. त्यांनी तो सवयीप्रमाणं आवाज मोठा करून घेतला. सगळ्यांना ऐकू गेलं.

“आण्णा, शालूबाई बोलतोय. अभिनंदन म्हणावं. पोरगी व्हय म्हणाली की.”

सगळे दाराकडं बघू लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, शेजारच्या अंगणात, राजनंदिनी पटकन फोन खिशात घालत होती.